माफ करण्याचा हक्क कुणाचा?

सातवीच्या वर्गातला प्रसंग आहे. एक मुलगा वडिलांच्या पश्चात राहिलेले घड्याळ कंपासपेटीत ठेवून शाळेत आणत असे. हाताला ते मोठे होत असल्यामुळे तो ते कधी मनगटावर बांधत नसे. नुसते जवळ ठेवीत असे. एके दिवशी मधल्या सुट्टीत शेजारच्या बाकावरच्या मुलाने ते पेटीतून काढले, मागचे झाकण उघडले, आणि झाकण पुन्हा बसेना तेव्हा घाबरून पाण्याच्या टाकीमागे टाकून दिले. दोन दिवसांनी तो स्वतःच आमच्याकडे आला. रडला, कान धरले, पुन्हा असे करणार नाही म्हणाला. मूल आपण होऊन खरे बोलले याचा आम्हाला आनंद झाला. कबुली देणाऱ्या मुलाला मोडू नये, हे आम्ही बी.एड.ला शिकलो होतो. आम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "जा बेटा, माफ."

पुढच्या तासाला तो मित्रांबरोबर हसत बसला होता. ज्याचे घड्याळ गेले तो मुलगा त्याच्याकडे पाहत होता. शाळा सुटल्यावर तो स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"टीचर, वो बोलता है आपने उसको माफ कर दिया."

"हाँ बेटा, उसने सच बोला ना."

"लेकिन घडी तो मेरे अब्बा की थी. माफ आपने कैसे कर दिया?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. सब्र कर, अल्लाह अजर देईल, असे काहीतरी सांगून आम्ही त्याला घरी पाठवले. घड्याळ टाकीमागे सापडले, पण ओलीत राहून बंद पडले होते. आम्ही मात्र त्या रात्री समाधानाने झोपलो. एका मुलाला खोटेपणापासून वाचवले असेच आम्हाला वाटत होते.

त्या मुलाचा प्रश्न किती मोठा होता हे आम्हाला पुढे एका चित्रपटाने कळवले, आणि तो चित्रपट आपल्याकडचा नव्हे, दक्षिण कोरियातला. दिवाळीच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने तो आणून दिला आणि खालची इंग्रजी अक्षरे वाचत आम्ही तो पाहिला. दिग्दर्शकाचे नाव ली चँग-डाँग. कोरियन सिनेमा म्हटले की मारामारी किंवा रडव्या मालिका अशी आमची समजूत होती, ती त्या एका रात्रीत गळून पडली. मग आम्ही त्यांचे बाकीचे चित्रपटही मिळवून पाहिले. या लेखात त्या चित्रपटांची समीक्षा करण्याचा आमचा इरादा नाही, तो आमचा अधिकारही नाही. आम्हाला फक्त एका प्रश्नाचा माग घ्यायचा आहे. ज्याच्यावर जुलूम झाला त्याला न विचारता, त्याच्या वतीने, दुसरे कुणी माफी देऊ शकते का?

शिक्षक, लेखक, मंत्री, दिग्दर्शक

ली चँग-डाँग यांचा जन्म १९५४ साली देगू शहरात झाला. विद्यापीठात त्यांनी कोरियन साहित्याचा अभ्यास केला आणि नंतर काही वर्षे शाळेत कोरियन भाषा शिकवली. भाषेचा एक मास्तर पुढे जगातला नावाजलेला दिग्दर्शक झाला, याचे आमच्यासारख्या मास्तरकी करणाऱ्यांना कौतुक वाटणारच. १९८३ मध्ये ते कथालेखक म्हणून पुढे आले. त्यांच्या कथांचे संग्रह निघाले, त्यांना मानही मिळाला. वयाची चाळिशी जवळ आल्यावर ते सिनेमाकडे वळले. पार्क क्वांग-सू या दिग्दर्शकासाठी त्यांनी पटकथा लिहिल्या. त्यांपैकी १९९५ चा एक चित्रपट जाँन ते-इल या तरुण कामगारावर होता. कामगारांच्या हालअपेष्टांकडे लक्ष वेधण्यासाठी या तरुणाने १९७० मध्ये स्वतःला जाळून घेतले होते.

स्वतःचा पहिला चित्रपट ‘ग्रीन फिश’ त्यांनी १९९७ मध्ये काढला. त्यानंतर ‘पेपरमिंट कँडी’ (१९९९), ‘ओअॅसिस’ (२००२), ‘सीक्रेट सनशाइन’ (२००७), ‘पोएट्री’ (२०१०) आणि ‘बर्निंग’ (२०१८). एकवीस वर्षांत अवघे सहा चित्रपट. मधल्या काळात, फेब्रुवारी २००३ ते जून २००४, ते राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्युन यांच्या मंत्रिमंडळात संस्कृती आणि पर्यटन मंत्री होते. मंत्रिपद गेल्यावर अनेकांना दुसरे पद हवे असते. हे गृहस्थ पुन्हा कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहिले, आणि परतल्यावर त्यांनी जो पहिला चित्रपट काढला तो ‘सीक्रेट सनशाइन’. आम्ही प्रथम पाहिला तो हाच.

मिर्यांगमधली आई

मिर्यांग हे दक्षिण कोरियातले एक छोटे शहर. नावाच्या चिनी अक्षरांचा अर्थ ‘गुप्त ऊन’ असा लावता येतो आणि चित्रपटाचे नाव त्यावरूनच आले आहे. शिन-ए ही तरुण विधवा आपल्या लहान मुलाला घेऊन सोलहून येथे राहायला येते, कारण हे तिच्या नवऱ्याचे गाव. ती पियानोच्या शिकवण्या सुरू करते. परक्या गावात आपली पत राहावी म्हणून आपल्याकडे पैसा आहे, जमीन घ्यायची आहे, अशा बाता मारते. त्या बातांवर एक माणूस विश्वास ठेवतो आणि पैशासाठी तिच्या मुलाला पळवतो. पैसा नसतोच. मुलाचे प्रेत सापडते. खुनी असतो त्या मुलाला वक्तृत्व शिकवणारा मास्तर.

दुःखाने वेडीपिशी झालेली शिन-ए एका प्रार्थनासभेत जाते, तेथे ढसाढसा रडते आणि तिला थोडी शांतता मिळते. ती चर्चमध्ये जाऊ लागते. आपण सुखी आहोत असे लोकांना सांगू लागते. मग ती ठरवते की तुरुंगात जाऊन आपल्या मुलाच्या खुन्याला माफ करायचे. ती जाते. काचेच्या पलीकडे तो येऊन बसतो. चेहरा शांत, तब्येत बरी. ती माफीचा विषय काढते, तेव्हा तो नम्रपणे सांगतो की देवाने त्यालाही जवळ घेतले आहे, त्याचे पाप धुऊन टाकले आहे आणि आता तो मनाने निवांत आहे. तिच्यासाठी तो रोज प्रार्थनाही करतो.

शिन-ए बाहेर येते आणि कोसळते. मी माफ करण्याआधीच देवाने त्याला माफ कसे केले, हा तिचा प्रश्न. आमच्या सातवीतल्या मुलाचा प्रश्न हाच होता, फक्त घड्याळाच्या जागी मूल होते.

यानंतर शिन-ए देवाशी भांडायला उठते. उघड्यावरच्या प्रार्थनासभेत भोंग्यावर खोटेपणाबद्दलचे एक सिनेमातले वाटावे असे गाणे लावते, एका धार्मिक गृहस्थाला मोहात पाडू पाहते, शेवटी स्वतःचे मनगट कापते. ही भूमिका करणाऱ्या जाँन डो-याँन यांना २००७ च्या कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन अभिनेत्री.

आमच्यातले काही जण हा चित्रपट पाहून म्हणतील की, यात दुसऱ्या एका धर्मावर टीका आहे, आपल्याला काय त्याचे. तसे म्हणणे चुकीचे ठरेल. वेदीवर कुर्बानी ठेवण्यापूर्वी जा आणि नाराज भावाशी समेट करून ये, असा उपदेश इंजिलमध्येही आहे. त्या कैद्याने आपल्या धर्मातली अर्धीच गोष्ट उचलली. माणसाकडे जाण्याचा कठीण रस्ता सोडला आणि देवाकडे जाण्याचा सोपा रस्ता घेतला. हा मोह कोणत्याही धर्माच्या माणसाला पडू शकतो. आमच्यासारख्या मास्तरालाही पडला.

हुकूकुल इबाद

आपल्याकडे लहानपणी मक्तबमध्ये एक गोष्ट शिकवली जाते. हक्क दोन प्रकारचे असतात: हुकूकुल्लाह म्हणजे अल्लाहचे हक्क, आणि हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे हक्क. नमाज चुकली, रोजा सुटला, तर मामला बंदा आणि खुदा यांच्यातला. पण कुणाचा पैसा बुडवला, कुणाला मारले, कुणाची बदनामी केली, तर तौबेच्या तीन शर्तींवर चौथी शर्त येऊन बसते. गुनाह सोडणे, मनापासून पस्तावणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे या तीन. ज्याचा हक्क मारला त्याला तो परत करणे किंवा त्याच्याकडून माफ करून घेणे ही चौथी. शहिदाचा दर्जा केवढा, पण त्याच्या डोक्यावरचे कर्जही माफ होत नाही असे हदीस सांगते. खुनाच्या बाबतीत वारसाला तीन वाटा मोकळ्या आहेत: बदला, दियत किंवा माफी. माफीची तारीफ केली आहे, पण वारसावर तिची जबरदस्ती नाही.

हे सगळे आपल्याला पाठ आहे. प्रश्न पाठ असण्याचा नाही. शब-ए-बरातीला आपल्या मोबाइलवर संदेश येतात, ‘कहा-सुना माफ’. एकाच वेळी दोनशे जणांना पाठवलेला तो संदेश असतो. हजला निघालेला माणूस दारोदार जाऊन माफी मागतो ही आपली सुंदर रीत. पण ज्या धाकट्या भावाचा जमिनीतला वाटा दाबला आहे, नेमके त्याचेच दार टाळून बाकीच्या चाळीस दारांवर जाणारे हाजीसाहेब आपण पाहिलेले नाहीत काय? ज्यांचे आपण काही बिघडवलेले नाही त्यांच्याकडून माफी मिळवणे सोपे असते. ज्याचे बिघडवले त्याच्यासमोर उभे राहताना पाय जड होतात. ‘सीक्रेट सनशाइन’मधला तो शांत चेहऱ्याचा कैदी आम्हाला म्हणूनच परका वाटला नाही.

येथे शिन-एच्या बाजूचेही एक सत्य सांगितले पाहिजे. ती माफ करायला गेली, ती नुसत्या दयेने गेली असे आम्हाला वाटत नाही. आपण सावरलो आहोत हे तिला स्वतःला आणि गावाला दाखवायचे होते. समोर एक मोडलेला, गयावया करणारा माणूस असेल आणि आपण वरून त्याला काहीतरी देऊ, असे चित्र तिच्या मनात असावे. त्याने मागितलेच नव्हते ते ती द्यायला निघाली होती. म्हणजे माफी देणाऱ्याच्या मनातही गर्व असू शकतो. ली चँग-डाँग तिला देवी बनवत नाहीत, यात त्यांचा प्रामाणिकपणा आहे. पण तिच्या गर्वाने त्या कैद्याचे कर्ज फिटत नाही. देणेकऱ्याला सावकाराचा स्वभाव आवडत नाही म्हणून कर्ज बुडत नसते.

ग्वांगजूची सावली

हा चित्रपट यी चाँग-जून या कोरियन लेखकाच्या १९८५ मधल्या एका कथेवर आधारलेला आहे. ती कथा वाचताना आपल्याला ती ग्वांगजूबद्दलच वाटली, असे ली यांनी मुलाखतींत सांगितले आहे. वाचकांना ग्वांगजू ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७९ च्या अखेरीस जनरल चुन डू-ह्वान यांनी लष्करी बळावर सत्ता हाती घ्यायला सुरुवात केली. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरातले विद्यार्थी आणि नागरिक लष्करी कायद्याच्या विरोधात रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यावर सैन्य घालण्यात आले. १८ ते २७ मे या दहा दिवसांत तेथे कित्येक नागरिक मारले गेले. त्यानंतर चुन राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९८८ पर्यंत सत्तेवर राहिले.

लोकशाही आल्यावर खटला झाला. १९९६ मध्ये चुन यांना फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेवर आली, आणि डिसेंबर १९९७ मध्ये माफी देऊन त्यांना सोडण्यात आले. माफी दिली मावळते राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांनी. तिला नुकतेच निवडून आलेले किम डे-जुंग यांची संमती होती. या किम डे-जुंग यांना १९८० मध्ये चुन यांच्याच राजवटीत फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. ती नंतर जन्मठेपेवर आली म्हणून ते वाचले. ज्याने आपल्याला फासावर चढवायचे ठरवले त्याला त्यांनी सोडून दिले. देशात सूडाचे चक्र फिरू नये हा त्यांचा हेतू होता, आणि त्या मनाच्या मोठेपणापुढे आपण मान झुकवली पाहिजे.

पण प्रश्न उरतोच. किम डे-जुंग आपल्या वाट्याचा जुलूम माफ करू शकत होते. ग्वांगजूच्या आयांच्या वाट्याचा जुलूम ते माफ करू शकत होते काय? सरकार कैद्याला सोडू शकते, तो कायद्याचा अधिकार झाला. त्याला माफी म्हणावे की नुसती सुटका म्हणावे? शब्द एकच वापरला की घोटाळा होतो. सुटकेचा कागद घेऊन बाहेर पडलेला माणूस आपण निर्दोष आहोत असे समजू लागतो. चुन डू-ह्वान यांच्या बाबतीत तेच झाले. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी नव्वदाव्या वर्षी ते वारले, तोपर्यंत ग्वांगजूबद्दल त्यांनी माफी मागितली नाही. न मागितलेली माफी त्यांना चोवीस वर्षे आधीच मिळून गेली होती.

करणाऱ्याच्या बाजूने

ली यांनी हाच प्रश्न उलट्या बाजूनेही पाहिला आहे. ‘पेपरमिंट कँडी’चा नायक याँग-हो सुरुवातीलाच रेल्वेच्या पुलावर उभा राहून समोरून येणाऱ्या गाडीपुढे ओरडतो की, मला परत जायचे आहे. मग चित्रपट खरोखरच मागे जाऊ लागतो: १९९९ पासून १९९४, १९८७, १९८४, १९८० आणि शेवटी १९७९. आपल्याला आधी दिसतो दिवाळे निघालेला, कुणालाच नको असलेला माणूस. मग बायकोशी बेईमान असणारा व्यापारी. मग विद्यार्थ्यांना कोठडीत छळणारा पोलीस. मग ग्वांगजूला पाठवलेला कोवळा शिपाई, ज्याच्या हातून अंधारात एक शाळकरी मुलगी मारली जाते. आणि सर्वांत शेवटी नदीकाठच्या सहलीत रानफुलांकडे पाहणारा लाजरा तरुण.

त्यातला एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. व्यापारी झालेल्या याँग-होला एका खानावळीत एक माणूस भेटतो. पोलीस असताना त्याने ज्याला छळले होते तोच हा. आता त्याच्याबरोबर त्याचे लहान मूल आहे. याँग-हो त्याला म्हणतो की आयुष्य सुंदर आहे, नाही का? पुढे, म्हणजे काळाने मागे, आपल्याला कळते की हे वाक्य त्या तरुणाच्या डायरीत होते आणि छळ करताना याँग-होने त्याला त्यावरूनच विचारले होते. माफी मागण्याची वेळ समोर चालून आली होती. ज्याचा हक्क मारला तो दोन हातांवर उभा होता. आणि या माणसाच्या तोंडून काय निघाले, तर त्याचेच चोरलेले वाक्य. पाच वर्षांनी तो पुलावर चढून काळ मागे फिरवा म्हणून आकांत करतो. काळ मागे फिरवण्याची गरज नव्हती. त्या दिवशी खानावळीत चार शब्द बोलण्याची होती. याँग-होची आम्हाला दया येते, त्याला असे बनवणाऱ्या राजवटीचा राग येतो. तरीही त्या खानावळीत तो स्वतंत्र होता, हे विसरता येत नाही.

‘ओअॅसिस’मध्ये प्रश्न आणखी वेगळा होतो. मेंदूच्या पक्षाघातामुळे जिला नीट बोलता येत नाही अशी एक मुलगी आणि तुरुंगातून सुटलेला एक तरुण यांची ती कथा आहे. त्या तरुणाने सुरुवातीला तिच्यावर हात टाकलेला असतो, हे चित्रपट लपवत नाही. पुढे दोघांत खरी माया जडते. शेवटी पोलीस चौकीत सगळेजण तिच्या वतीने बोलतात: भाऊ, वहिनी, पोलीस. तिच्या नावावर मिळालेल्या घरात तेच भाऊ-वहिनी राहत असतात. बोलायचे असते फक्त तिला, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. ज्याच्यावर बेतले त्याला बाजूला सारून इतरांनी निर्णय घ्यायचा, मग तो माफीचा असो की शिक्षेचा, दोन्ही एकाच जातीचा अन्याय आहे.

तीन कोटी वॉन

‘पोएट्री’ला २०१० मध्ये कान महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. मी-जा ही सहासष्ट वर्षांची आजी नातवाला सांभाळते, एका अपंग म्हाताऱ्याची सेवा करून पोट भरते आणि हौसेने कविता शिकायला जाते. तिला विस्मरणाचा आजार नुकताच लागला आहे. तिच्या कानावर येते की एका शाळकरी मुलीने नदीत उडी घेऊन जीव दिला, आणि त्याचे कारण सहा मुलांनी तिच्यावर केलेला अत्याचार. सहांतला एक तिचा नातू.

बाकीच्या पाच मुलांचे बाप एका हॉटेलात जमतात. ते राक्षस नाहीत, आपल्या तुमच्यासारखे संसारी लोक आहेत. मुलांचे भविष्य बिघडू नये एवढीच त्यांची काळजी. हिशेब होतो: मुलीच्या आईला तीन कोटी वॉन द्यायचे, प्रत्येकी पन्नास लाख, आणि प्रकरण मिटवायचे. शाळेलाही तेच हवे असते. मेलेल्या मुलीबद्दल त्या टेबलावर फारसे कुणी बोलत नाही.

येथे आमच्या मनात दियतेचा विचार आला. वरवर पाहता दोन्हीकडे पैसाच आहे. पण दियत ही गुन्हा उघड झाल्यावर, कबूल झाल्यावर, वारसाच्या मर्जीने घेतली जाते. त्या हॉटेलात ठरलेला पैसा गुन्हा कधी उघडच होऊ नये म्हणून होता. आणि हेही मान्य करू या की, दियतेच्या नावाखालीही गरीब वारसावर दडपण आणून सही घेता येते. नाव शरीयतचे दिले म्हणून जबरदस्ती हलाल होत नाही. पैसा देणारा बलवान आणि घेणारा लाचार असेल, तर त्या माफीवर आधी दहा वेळा विचार करावा.

मी-जा पैसे उभे करते, आणि त्यासाठी तिला स्वतःची अब्रूही खर्ची घालावी लागते. पण तिचे मन तेथे थांबत नाही. ती त्या मुलीच्या मिस्सा प्रार्थनेला जाते, तिचा फोटो गुपचूप उचलून आणते आणि घरी जेवणाच्या टेबलावर नातवासमोर ठेवते. नातू पाहून न पाहिल्यासारखे करतो. शेवटी ती त्याला आंघोळ करायला लावते, त्याच्या पायाची नखे कापते, रात्री त्याच्याबरोबर गल्लीत बॅडमिंटन खेळते. खेळ चालू असतानाच पोलीस येऊन नातवाला घेऊन जातात. तिनेच कळवले हे चित्रपट थेट म्हणत नाही, पण पाहणाऱ्याला समजते. ती ओरडत नाही, अडवत नाही. मागे राहते तिने लिहिलेली एकच कविता, मेलेल्या मुलीच्या नावाची.

या आजीचे नातवावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? जे बाप पैसे मोजत होते त्यांच्यापेक्षा तिचे प्रेम आम्हाला अधिक खरे वाटते. मुलाला शिक्षेतून वाचवता येते, पण आपण काय केले हे त्याला कळू न देता त्याला माणूस बनवता येत नाही. आम्ही वर्गात शिकवतो म्हणून हे आम्हाला जास्त बोचते. "जा बेटा, माफ" म्हणून आम्ही त्या मुलाला वाचवले की त्याचा रस्ताच अडवला? त्याला आमच्याकडून हसत वर्गात जायला मिळाले. मागच्या बाकापर्यंत चालत जाण्याची त्याची गरजच आम्ही संपवून टाकली.

एक आक्षेप

यावर कुणी म्हणेल, मग माफ करणारा माफ करतच नसेल तर? तो मेला असेल तर? चुकलेल्या माणसाने जन्मभर टांगून राहायचे काय? आक्षेप खरा आहे. आपल्या उलेमांनीही यावर पुष्कळ चर्चा केली आहे. हक्कदार मेला असेल तर त्याच्या वारसांचे देणे फेडावे, त्याच्यासाठी दुआ करावी, त्याच्या नावाने नेकी करावी, आणि पुढचे अल्लाहवर सोडावे. म्हणजे दार बंद नाही. पण आधी त्या दारापर्यंत जावे लागते. माफी नाकारली जाण्याची शक्यता पत्करूनच मागावी लागते. नकार ऐकून घेण्याची तयारी नसेल तर ती मागणी नव्हे, वसुली होते.

या बाबतीत कोरियातलीच एक अलीकडची घटना सांगण्याजोगी आहे. ती सिनेमातली नाही. मार्च २०२३ मध्ये चुन डू-ह्वान यांचा नातू चुन वू-वन ग्वांगजूला गेला. त्याने तेथल्या हुतात्म्यांच्या आप्तांसमोर गुडघे टेकले, आपले आजोबा गुन्हेगार होते असे सांगितले आणि कबरस्तानात अंगातला कोट काढून त्याने कबरींचे दगड पुसले. त्याने स्वतः काही केलेले नव्हते. १९८० मध्ये तो जन्मलाही नव्हता. त्याच्या तिथे जाण्याने आजोबांचे कर्ज फिटले असे आम्ही म्हणणार नाही. ते फेडणे त्याच्या हातात नव्हते. पण तो योग्य दारावर गेला. तेथल्या वृद्ध आयांपैकी काहींनी त्याला जवळ घेतले. घ्यायचे की नाही, हे त्यांनी ठरवले. कुण्या राष्ट्राध्यक्षाने त्यांच्या वतीने ठरवले नाही.

ज्या कथेवरून ‘सीक्रेट सनशाइन’ घेतला, तिच्यातली आई शेवटी आत्महत्या करते. ली यांनी आपल्या शिन-एला जिवंत ठेवले. इस्पितळातून सुटल्यावर ती केस कापायला जाते, तर कात्री हातात घेतलेली मुलगी निघते त्याच खुन्याची लेक. शिन-ए अर्धवट कापलेले केस घेऊन उठून निघून जाते. ती त्या लेकीलाही माफ करत नाही, तिच्यावर हातही उगारत नाही. घराच्या अंगणात बसून ती स्वतःच आपले केस कापू लागते, आणि तिच्या मागे मागे फिरणारा गॅरेजवाला जाँग-चान काही न बोलता तिच्यासमोर आरसा धरून उभा राहतो. कॅमेरा जमिनीवरच्या उन्हाच्या तुकड्यावर थांबतो. चित्रपट संपतो. तिने माफ करावे असे जाँग-चान तिला सांगत नाही. तो आरसा धरतो. दुखावलेल्या माणसाच्या शेजारी आपण इतरांनी काय करावे, याचे आम्हाला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर तेच आहे.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा आम्ही त्या दोन्ही मुलांना बोलावले नाही. फक्त घड्याळवाल्या मुलाला बोलावले. आम्ही त्याला सांगितले की, तुझ्या वतीने माफ करणे ही आमची चूक होती, तो हक्क तुझा होता. आम्हाला माफ करशील का? तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "सोच के बताऊँगा, टीचर."

दुसऱ्या मुलालाही आम्ही नंतर वेगळे गाठून एवढेच सांगितले की, आम्ही दिलेली माफी आमची नव्हती. ती आम्ही परत घेतो. तो गोंधळला, रडवेला झाला. पुढच्या आठवड्यात दोघे बाजारातल्या घड्याळजीच्या दुकानासमोर उभे दिसले, थोडे अंतर राखून. त्यांच्यात काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही.

तो मुलगा पुढे आठवीत गेला, मग हायस्कूलला गेला. रस्त्यात भेटला की सलाम करतो. त्याने अजून सांगितलेले नाही. आम्ही त्याला आठवण करून देत नाही.